झाकणातला फासा

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एक वाजता भोंगा होतो,
एक चाळीसला दुसरा.
मधली बारा मिनिटं जेवणाची,
तीन हात धुण्याची, कारण नळ एकच.
उरलेली पंचवीस मी चालवते.

चालवते म्हणजे काय, तर सांगते:
समोर दार आहे. दाराखालून उजेड येतोय.
काय करता?
एवढंच. पुढचं सगळं तेच करतात.

डिस्पॅचचा हर्षिल तलवार उपसून धावतो,
दिवसभर ट्रकवाल्यांपुढे हात जोडणारा.
परचेसच्या फाल्गुनीबेन चेटकीण,
पण मंत्र टाकण्याआधी
राक्षसाकडूनही तीन कोटेशनं मागतात.
आणि स्टोअरचे नटुभाई पंचाल.
पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं,
यात जिंकायचं कसं?
म्हटलं, जिंकायचं नसतं.
थेपला मोडत म्हणाले,
हां, मग मला जमेल.

नटुभाई चोर झाले.
चौतीस वर्षं सहीशिवाय साधा वॉशर न देणारा माणूस
राजाच्या खजिन्यात शिरला
आणि कुठेच नोंद न करता
एक कंदील, दोन मोती, एक झोपलेलं मांजर
उचलून बाहेर आला.
नाव काय चोराचं, विचारलं मी.
चोर नाव सांगत फिरतो का, म्हणाले.

फासा वीस बाजूंचा, निळा, भाच्याने दिलेला.
आम्ही तो टाकतो माझ्या डब्याच्या झाकणात,
लोणच्याचं तेल पुसून.
मी कॅलिब्रेशनमध्ये. सवय जात नाही.
एका संध्याकाळी व्हर्नियरमध्ये धरला:
एका अंगाने बारा शतांश मिलिमीटर जाड.
मग घरी, दांडिया बाजारच्या गॅलरीत बसून,
तीनशे वेळा टाकला, वहीत रेघा मारत.
चार आणि सतरा, समोरासमोरच्या बाजू,
क्वचितच पडतात.
लाल लेबल लावायला हवं होतं.
नाही लावलं.

एकतीस तारखेला नटुभाई रिटायर.
त्या दुपारी पूल होता, खाली नदी, नदीत मगरी.
हर्षिल म्हणाला, म्हणजे आपण काळ्या घोड्याजवळ आहोत.
बडोद्यात मगरींना कोण भितं.
बाकीचे पार झाले. शेवटची फळी तुटली
ती नटुभाईंच्या पायाखाली.
उडी मारा, मी म्हटलं. सतरा लागतील.
म्हटलं आणि जीभ चावली.
एवढे आकडे पडलेले असताना
हाच कसा आला तोंडात?

नटुभाईंनी फाशावर फुंकर मारली, टाकला.
झाकणात गरगरला, आणि खमणच्या तुकड्याला टेकून
तिरका उभा राहिला. ना हा, ना तो.
भोंगा झाला.
असू दे पेंडिंग, म्हणाले, डबा बांधत.
चार वाजता हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, फोटो.
मी सारखी बघत होते:
फोटोतही ते जमिनीपासून जरा वरच वाटत होते.

पुढच्या सोमवारी, एक वाजून एकोणतीस मिनिटांनी, फोन.
अरे, मी अजून हवेतच आहे. किती दिवस?
फोन टेबलावर ठेवला, स्पीकरवर.
टाकते, म्हटलं.
ऐकू येतंय, म्हणाले, फाशाचं. हेच झाकण ना?
तेच.

चार.

फाल्गुनीबेननी माझा हात दाबला,
ओठांनीच म्हणाल्या, सतरा सांग.
हर्षिल छताकडे बघू लागला.
पण मी आजवर खोटं रीडिंग लिहिलेलं नाही.
चार, नटुभाई.

तिकडे पंख्याचा आवाज. कुकरची एक शिट्टी.
बरं. पडलो म्हणजे पाण्यात.
हो.
मगर आली?
येतेय. तोंड उघडून.
काय करता?

तिला सांग, म्हणाले नटुभाई,
आधी इथे सही कर.

भोंग्याला अजून सात मिनिटं होती.